‘दर्शनाला आलो’ म्हणणारा माणूस नेमका कशाला येतो?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सासरचं जुनं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, माहेरचा एक मजला नाशिकला गंगापूर रोडवर रिकामा पडलेला, आणि भावाचा आग्रह की दोन्ही सोडा, संभाजीनगरला वेरूळच्या वाटेवर चार खोल्या घ्या. पर्यटक तिन्हीकडे भरपूर. मग कुठे कोण कशासाठी येतं, आणि होमस्टे कुठे चालेल?

ताई, मी 26 वर्षं टूर मॅनेजर म्हणून बसच्या पुढच्या सीटवर काढली. ही तिन्ही शहरं इतक्या वेळा केली की कुठल्या हॉटेलात गरम पाणी किती वाजता बंद होतं तेही पाठ आहे. त्या अनुभवावर सांगतो.

पहिली चूक बहुतेक जण करतात ती यादीची. शहरात काय काय आहे ते लिहून काढतात आणि ज्याची यादी लांब ते शहर चांगलं, असं धरतात. यादीत तिन्ही शहरं जवळपास सारखीच दिसतील. मोठं देवस्थान तिन्हीकडे, लेणी नाशिकलाही आहेत, किल्ला कोल्हापूरजवळही आणि संभाजीनगरजवळही, खायचा एक नावाजलेला पदार्थ तिन्हीकडे. यादीवरून ग्राहक कळत नाही.

पर्यटनाच्या अभ्यासात एक जुनी मांडणी आहे. ग्रॅहॅम डॅन या अभ्यासकानं 1977 साली ती चर्चेत आणली. माणसाला घरातून बाहेर ढकलणारी कारणं वेगळी आणि ठिकाणाकडे ओढणारी कारणं वेगळी, असा तिचा गाभा. कंटाळा, थकवा, चार दिवस ऑफिसचा फोन नको ही ढकल. कैलास लेणं, द्राक्षांचे मळे, तांबडा रस्सा ही ओढ. मांडणी ठीकच आहे, पण आपल्या घरांत ती अपुरी पडते. आपल्याकडे मध्ये तिसरी पायरी असते, निमित्ताची. फिरावंसं वाटलं म्हणून उठून गेलं, असं अजूनही फार घरांत होत नाही. निमित्त काढावं लागतं, आणि ते असं लागतं की घरातलं सगळ्यात मोठं माणूस मोडता घालणार नाही. देवदर्शन हे त्यातलं सगळ्यात पक्कं निमित्त. सुट्टी मिळते, खर्चाला कोणी नाक मुरडत नाही, सासूबाई स्वतःच पिशवी भरायला घेतात.

म्हणून ‘कशाला आलात?’ या प्रश्नाला उत्तर येतं ‘दर्शनाला’. ते खोटं नसतं, फक्त अर्धं असतं. मी हा प्रश्न विचारणं कधीच सोडलं. त्याऐवजी विचारायचो, ‘ट्रिप ठरवली कोणी?’ आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये गंमत म्हणून, ‘आज अर्धाच दिवस मिळाला तर काय गाळायचं?’ या दुसऱ्या प्रश्नावर नवरा-बायकोत जे भांडण लागतं, त्यात खरं कारण बाहेर पडतं. आणखी एक खूण परतीच्या वेळी मिळते. बसच्या डिकीत सामान चढवताना पिशव्यांमधून काय डोकावतंय ते बघायचं. कोल्हापूरहून निघताना चपला, गूळ, कांदा-लसूण मसाला, कुणाच्या हातात गुजरीतल्या सराफाची छोटी पिशवी. नाशिकहून बेदाणे, चिवडा आणि टॉवेलात गुंडाळलेल्या बाटल्या, ज्यांच्याबद्दल सासऱ्यांना सांगायचं नसतं. संभाजीनगरहून हिमरूची शाल, क्वचित पैठणी, आणि बहुतेकांकडे फक्त फोनमधले फोटो. कुठे किती पैसा सुटतो याचा हिशेब तिथेच लागतो.

आता नाशिक. या शहरावर मी जास्त बोलणार आहे, कारण ते वरून सगळ्यात सोपं दिसतं आणि आत सगळ्यात गुंतागुंतीचं आहे.

नाशिकला येणारा एक मोठा वर्ग पर्यटक म्हणवून घ्यायला तयार होणार नाही. तो दुःख घेऊन येतो. रामकुंडात अस्थिविसर्जनासाठी लोक येतात. गाडीत चार-पाच माणसं, मांडीवर कापडानं तोंड बांधलेला कलश. सकाळी येतात, विधी करतात, कुठेतरी साधं जेवतात आणि दिवेलागणीच्या आत परततात. काळाराम मंदिरात गेले तर गेले. सरकारी आकडेवारीत हे कदाचित ‘भेट देणारे’ म्हणून धरले जात असतील, पण त्यांना खोली विकायला जाऊ नये.

पण यांच्यातच मी एक वेगळी गोष्ट पाहिली. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की गुरुजी जुनी वही काढतात, आणि तुमच्या पणजोबांनी कुठल्या साली येऊन काय विधी केला, बरोबर कोण होतं, ते त्यांच्या अक्षरात समोर येतं. एकदा आमच्या ग्रुपमध्ये विदर्भातले एक निवृत्त शिक्षक होते. नाशिकबद्दल त्यांना काडीचा उत्साह नव्हता, बायकोनं ओढून आणलेलं. गुरुजींनी वही उघडली आणि त्यांच्या आजोबांची मोडीतली सही निघाली. तो माणूस त्या दिवशी बसमध्ये परत चढलाच नाही. ‘तुम्ही पुढे व्हा’ म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत त्या ओसरीवर बसून राहिला. पुढच्या वर्षी भावांना घेऊन स्वतःच्या खर्चानं आला. कुठल्याही जाहिरातीत नसलेलं हे कारण आहे, आणि त्यासाठी लोक मुक्काम करतात.

मग त्र्यंबकेश्वर, शहरापासून तीसेक किलोमीटर. ज्योतिर्लिंगाचं दर्शन घेणारा एका फेरीत आटोपतो. नारायण नागबलीसाठी येणाऱ्याला मात्र तीन दिवस राहावं लागतं. तुम्हाला वाटेल, हे आपले पाहुणे! नाहीत. बहुतेकांची राहण्या-जेवणाची सोय गुरुजीच त्र्यंबकात करतात. विधीच्या दिवसांत पथ्यं असतात, जेवण ठरलेलं असतं, पहाटे उठायचं असतं. तीस किलोमीटर दूर गंगापूर रोडवर येऊन राहण्याचं त्यांना काहीच कारण नाही. आमच्या धंद्यात नवीन आलेली माणसं इथेच फसतात. गर्दी दिसते, पण तिची रात्र आधीच कुणीतरी घेतलेली असते.

तुमचा मजला ज्या भागात आहे तो रस्ता पुढे गंगापूर धरणाकडे आणि द्राक्षमळ्यांकडे जातो. तिथला पाहुणा निराळा. नाशिकला वाइनसाठी यायचं हे तसं अलीकडचं. सुला ही वाइन कंपनी सुरू झाली 1999 मध्ये आणि पुढच्या वर्षी तिची पहिली वाइन बाजारात आली. त्याआधी मुंबईचा तरुण नाशिकला आला तर आईला शिर्डीला नेताना वाटेत थांबायला. आता तो शनिवारी येतो, जानेवारी ते मार्चच्या तोडणीच्या दिवसांत हमखास, द्राक्षं पायानं तुडवतो, फोटो काढतो, उशिरा झोपतो आणि उशिरा उठतो. सुरतेकडून येणारी कुटुंबं सापुतारा, वणीची सप्तशृंगी, नाशिक, त्र्यंबक, शिर्डी अशी माळ ओवतात. त्यांतल्या पुरुषमंडळींना एक संध्याकाळ ‘मोकळी’ हवी असते. गुजरातेत दारूबंदी आहे, एवढं सांगून पुढे जातो.

तर नाशिकची अडचण अशी की तिथली गर्दी एका छपराखाली नांदत नाही. एका वर्षी माझ्याच हातून ही चूक झाली. श्राद्धविधीसाठी आलेलं एक कुटुंब आणि कुणाच्या तरी चाळिसाव्या वाढदिवसाचा ग्रुप मी एकाच लहान हॉटेलात, शेजारशेजारच्या खोल्यांत टाकला. रात्री अकराला इकडे केक कापला, आणि तिकडे पहाटे चारला बादल्यांचा आवाज सुरू झाला. सकाळी दोन्ही बाजूंनी मला धुतलं, आणि दोघांचंही बरोबर होतं. मोठ्या हॉटेलात मजले वेगळे करता येतात. तीन खोल्यांच्या होमस्टेत पहिल्याच दिवशी ठरवावं लागतं की आपला पाहुणा कोणता.

शिवाय अंतर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. सगळे म्हणाले, नाशिकचं पर्यटन वाढेल. येणारे वाढतीलच. पण आमच्यात एक बोलणं आहे: रस्ता सुधारला की मुक्काम पळतो. मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी पोचता येत असेल तर खोलीचं भाडं वाचवायचा मोह कुणाला होत नाही?

सिंहस्थाचं म्हणाल, तर 2027 च्या पर्वण्या डोळ्यांसमोर ठेवून कर्ज काढू नका. मागच्या सिंहस्थात, 2015 साली, पर्वणीच्या दिवशी गाड्या शहराबाहेरच थांबल्या आणि लोकांना कित्येक किलोमीटर चालावं लागलं. साधूग्रामात राहणारे वेगळे, नातेवाइकांकडे उतरणारे वेगळे. बारा वर्षांतून एकदा येणाऱ्या गर्दीवर रोजचा धंदा उभा राहत नाही.

संभाजीनगर. इथे लोक शहरासाठी येत नाहीत, हे कटू असलं तरी ऐकून घ्या. बीबी का मकबरा, पाणचक्की हे सगळं आहे, पण फक्त तेवढ्यासाठी बॅग भरून निघालेला माणूस मी पाहिलेला नाही. शहर हा तळ आहे. वेरूळ तीसेक किलोमीटर एका बाजूला, अजिंठा शंभर किलोमीटर दुसऱ्या बाजूला, दोन्ही 1983 पासून जागतिक वारशाच्या यादीत. वेरूळची लेणी मंगळवारी बंद आणि अजिंठ्याची सोमवारी. या एका गोष्टीनं तिथल्या हॉटेलवाल्यांचं पोट भरतं असं मी गमतीनं म्हणतो. दोन्ही बघायची तर दोन रात्री आल्याच, आणि वार चुकला तर तिसरी. पण सावध राहा. अजिंठा जळगावहून जास्त जवळ आहे, साठेक किलोमीटर. रेल्वेनं येणारे पुष्कळ जण जळगावला उतरतात आणि संभाजीनगरचं तोंडही बघत नाहीत.

इथला खरा धडा मला वेरूळला मिळाला. घृष्णेश्वराचं देऊळ आणि लेणी यांत पायी जाण्याइतकं अंतर. ज्योतिर्लिंगांची फेरी करणाऱ्या बस येतात: भीमाशंकर, त्र्यंबक, शिर्डी, शनिशिंगणापूर, घृष्णेश्वर. पुरुष सदरे काढून गाभाऱ्यात जातात, पिंडीवर हात ठेवतात, तृप्त होऊन बाहेर येतात आणि बसमध्ये बसून पुढच्या देवाला निघतात. कैलास लेण्याकडे मान वळवून बघतही नाहीत. एक अख्खा डोंगर वरून खाली कोरून काढलेलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं शिवाचंच मंदिर, आणि शिवभक्तांची बस त्याच्यासमोरून हॉर्न वाजवत जाते! सुरुवातीला मला संताप यायचा. नंतर उमगलं की कैलासात आज पूजा नाही, पुजारी नाही, नवस नाही. दगड तोच, पण त्यांच्या निमित्तात तो बसत नाही. उलट बाजूनं, वास्तुकलेचे विद्यार्थी, बंगाली कुटुंबं, परदेशी पाहुणे दिवसभर लेण्यांत हरवतात आणि घृष्णेश्वराच्या रांगेकडे ढुंकून बघत नाहीत.

अजिंठ्यात तर एकाच लेण्यात चार कारणं शेजारी उभी असतात. लेणे 26 मध्ये महापरिनिर्वाणाची ती प्रचंड शिल्पाकृती आहे, बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेले. तिथे एकदा माझा पुण्याचा ग्रुप ‘किती फूट लांब?’ विचारत होता. पलीकडे जपानी पाहुण्यांनी डोळे मिटून सूत्रपठण सुरू केलं. कोपऱ्यात शाळेची सहल मुलं मोजत होती. आणि नांदेडकडचं एक कुटुंब, आजी पांढऱ्या साडीत, पंचशील म्हणून वंदना करून शांत उभं राहिलं. ते ‘लेणी बघायला’ आलेलेच नव्हते. त्या आजींनी मला विचारलं, नागसेनवनाला जायला किती वेळ लागेल? संभाजीनगरातल्या नागसेनवनातलं, बाबासाहेबांनी 1950 मध्ये सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय त्यांना बघायचं होतं. माझ्या छापील कार्यक्रमात ते ठिकाण नव्हतं. त्या वर्षापासून मी ते विचारणाऱ्यांसाठी वेळ राखून ठेवायला लागलो.

भावाचा आग्रह समजतो, वेरूळचा रस्ता सोन्यासारखा आहे. पण तिथला पाहुणा बहुतेक एजंटमार्फत, गाडी-गाइड-हॉटेल अशी एकत्र मोट बांधून येतो, आणि थंडी सरली की उन्हाळाभर खोल्या धूळ खातात. पावसाळ्यात अजिंठ्याला वाघूर नदीच्या वळणावर हिरवाई आणि धबधबे बघायला आपली माणसं येतात खरी, पण ती सकाळी येऊन संध्याकाळी जाणारी. एजंटांशी ओळखी आणि इंग्रजी-हिंदीची सराईत सवय नसेल तर तो धंदा घरगुती माणसाचा नव्हे.

राहिलं कोल्हापूर. मी मूळचा सांगलीचा, त्यामुळे माझं थोडं माप झुकतं धरा.

कोल्हापूरचं वैशिष्ट्य असं की तिथे निमित्त आणि खरं कारण एकमेकांना आड येत नाहीत, उलट हात धरून चालतात. आई अंबाबाईसाठी येते, बाप रश्शासाठी, मुलगा पन्हाळ्यासाठी, सून गुजरी आणि चपलांच्या दुकानांसाठी. सगळ्यांना एकाच गाडीत बसता येतं. नाशिकला जी गर्दी जणू दोन वेगळ्या शहरांत विभागलेली आहे, ती इथे एकाच कुटुंबात सापडते.

आणि तिथे वारांचा एक सुंदर गुंता आहे. मंगळवार-शुक्रवार देवीचे, रविवार जोतिबाचा. देवीच्या वारी दर्शन घेतलेली पुष्कळ घरं त्या दिवशी मटण खात नाहीत. ‘आधी दर्शन, मग रस्सा’ हा अलिखित नियम. मग शुक्रवारी संध्याकाळी दर्शन, त्या रात्री शाकाहारी, आणि तांबडा-पांढरा शनिवारी. म्हणजे शुक्रवारची रात्र हातात आली. लेण्यांच्या बंद वारांनी जे संभाजीनगरात होतं, ते इथे पथ्यानं होतं. शनिवारी दुपारी जेवून पन्हाळ्यावर गेलेला माणूस त्या रात्री पुण्याला परतायचा आळस करतो, आणि दुसरी रात्रही मिळते. पन्हाळा जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशात गेला, त्यामुळे इतिहासाच्या शिक्षकांना आता सहलीसाठी आणखी एक कागद दाखवता येतो. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणारी मुलं मात्र तुमची गिऱ्हाइकं नाहीत, ती वाटेवरच्या गावांत झोपतात.

किरणोत्सवाची रात्रही धरून ठेवा: 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले तर काहीच दिसत नाही. गंमत म्हणजे ज्यांना दिसत नाही तेच दुसऱ्या दिवसासाठी थांबतात.

एक पाहुणा बहुतेक मराठी होमस्टेवाले विसरतात. तो तिरुपतीच्या वाटेवरचा. भृगूनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, निघून आली, अशी कथा आहे. तिरुपतीचं दर्शन कोल्हापूरला आल्यावर पूर्ण होतं अशी श्रद्धा आंध्र-तेलंगणात खोल आहे. नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो, आणि दोन गावांना जोडणारी हरिप्रिया एक्सप्रेस आहेच. या मंडळींना पहाटे अंघोळ, भात आणि दारात रिक्षा हवी असते. रश्शाचं कौतुक त्यांना सांगत बसू नका.

गोव्याला जाता-येता एक रात्र टेकणारेही बरेच. उशिरा येतात, लवकर जातात, भाव करतात. रिकामी खोली असेल तर द्या, त्यांच्यासाठी काही वेगळं मांडू नका. निपाणी-बेळगाव आणि कोकणातून लग्नाचा बस्ता, दागिने घ्यायला येणारे तर राहतच नाहीत, पण त्यांच्यामुळे बाजार जिवंत राहतो.

तेव्हा माझं मत कोल्हापूर, आणि शिवाजी पेठेतलंच घर. देवळापासून चालत, रंकाळ्यापासून चालत. नाशिकचा मजला सध्या भाड्यानं द्या, किंवा पुढेमागे फक्त वाइनकडच्या शनिवारी-रविवारी येणाऱ्या जोडप्यांसाठी काढा. तेव्हा मात्र श्राद्धाचे पाहुणे घेऊ नका, ओळखीचे असले तरी.

कोल्हापुरात तीन खोल्यांनी सुरू करा. सासूबाई रस्सा करत असतील तर तो मंगळवार-शुक्रवार ठेवू नका, त्या दोन दिवशी भाकरी, पिठलं, खर्डा ठेवा. तेलुगू पाहुण्यांसाठी वेगळा कुकर आणि वेगळी भांडी ठेवा, आणि ती वेगळी आहेत हे त्यांना दाखवा. ओले कपडे वाळत घालायला गच्चीवर लांब दोरी बांधा, नाहीतर खिडक्यांना टॉवेल लटकतात. निघताना प्रत्येकाला विचारा, ट्रिप कोणी ठरवली, आणि उत्तर तारखेसकट एका वहीत लिहा. सहा महिन्यांत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळलेलं असेल.

आणि पेठेत गाडी कुठे लावायची ते पाटी लावायच्या आधी ठरवा. गल्लीत इनोव्हा अडकली की पाहुण्याला अंबाबाई आठवत नाही, तुमचं घर आठवतं. जवळच्या एखाद्या मोकळ्या वाड्याच्या मालकाशी महिन्याच्या बोलीवर दोन गाड्यांची जागा ठरवून घ्या, आणि बुकिंगच्या वेळीच त्या जागेचा नकाशा फोनवर पाठवत जा.